मराठी अक्षर आणि नवी यंत्रे



परवा आमच्या गावच्या बाजारात एक गृहस्थ दिसले. भाजी विकायला आलेले, वय साठीच्या पुढचे. हातात फोन धरून त्यावर ते बोटाने सावकाश काही लिहीत होते. मी सहज डोकावलो. लिहिले होते, "वांगी संपली, भेंडी उरली, येताना मीठ आण." मुलाला निरोप पाठवायचा होता. निरोप गेला, मुलाचे "बरं" असे उत्तरही आले, आणि गृहस्थांनी फोन सदऱ्याच्या खिशात टाकला. त्यांना त्यात काही नवल वाटले नाही. मला मात्र वाटले, आणि ते का वाटले हे सांगण्यासाठीच आजचा हा लेखनप्रपंच.

माझे वडील तालुक्याच्या गावी एका छापखान्यात खिळे जुळवीत असत. खिळा म्हणजे शिशाचे एकेक अक्षर. भिंतीशी खणाखणांच्या पेट्या तिरप्या मांडलेल्या असत आणि त्यांच्यासमोर वडील दिवसभर उभे असत. इंग्रजीचे काम आले तर शंभर-सव्वाशे खणांत भागे. मराठीचे काम आले की चार-पाचशे खण लागत. असे का, हे गुरुजन चटकन ओळखतील. इंग्रजीत अक्षरे एकापुढे एक मुकाट्याने बसतात. आपल्याकडे मात्रा डोक्यावर चढते, उकार पायाशी बसतो, रफार शेंड्यावर जातो, आणि 'क्ष', 'त्र', 'द्ध', 'ष्ट' अशी जोडाक्षरे तर निराळीच रूपे घेतात. प्रत्येक रूपाला वेगळा खिळा हवा. वडील म्हणत, "इंग्रजी जुळवणारा बसून जुळवतो, मराठी जुळवणारा चालून जुळवतो." तेव्हा आम्ही हसत असू. पण त्या बोलण्यात दोनशे वर्षांच्या एका झगड्याची सगळी कथा आहे. यंत्रे परदेशात, परक्या लिपीसाठी जन्मली. त्यांच्यात आपले अक्षर बसवायचे कसे, हा तो झगडा.

आरंभापासून पाहू. बंगालमध्ये श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी या मिशनऱ्याने १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण छापले. तिथल्या छापखान्यासाठी नागरी अक्षरे कोरण्याचे काम पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराच्या हातून सुरू झाले होते. याच कॅरीने १८१० साली मराठी शब्दकोश छापला तो मात्र मोडी लिपीत, कारण त्या काळी मराठी माणसाचा रोजचा व्यवहार मोडीत चाले. आता मौज पहा. मराठीचे हे छापील व्याकरण आणि कोश निघाले महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, आणि त्यांची अक्षरे घडली बंगाली कारागिरांच्या हातून.

मुंबईला गणपत कृष्णाजी या उद्योगी गृहस्थाने शिळाछापाचा मार्ग धरला. शिळाछापात खिळे लागतच नाहीत. कागदावर हाताने लिहिलेला मजकूर दगडावर उतरवायचा आणि त्यावरून छाप घ्यायचा. मोडायची भीती नाही, जोडायची कटकट नाही, जसे वळण तसे अक्षर. १८३१ साली त्यांनी मराठी पंचांग छापले. छापलेल्या कागदाला हात लावायलाही काही सनातनी मंडळी बिचकत, तो हा काळ. पण पंचांग घरात आले, आणि हळूहळू पोथ्याही आल्या. लगेच ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले. एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला मराठी असे ते पत्र होते. मराठी वृत्तपत्राचा जन्म तो हाच.

पुढे सुबक खिळ्यांचे युग आले. जावजी दादाजी चौधरी यांचे नाव शिक्षकांनी तरी विसरू नये. गरिबीमुळे लहानपणीच त्यांना अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याचे काम करावे लागले. याच मुलाने १८६४ साली स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली 'निर्णयसागर' छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू या कुशल कारागिराने त्यांच्यासाठी अक्षरे कोरली. निर्णयसागरची संस्कृत पुस्तके पंडितांच्या घरी मानाने ठेवलेली असत ती या अक्षरांच्या देखणेपणामुळे आणि शुद्धतेमुळे. म्हणजे खिळे घासणाऱ्या पोराने नागरी लिपीला रूप दिले, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

पण अक्षर देखणे झाले तरी खणांची संख्या काही कमी होईना. वृत्तपत्राला घाई असते. रात्री बातमी यायची आणि सकाळी अंक निघायचा, तिथे पाचशे खणांपुढे येरझारा घालणार कोण? 'केसरी' चालवणाऱ्या लोकमान्य टिळकांना ही अडचण रोजच्या रोज दिसत होती. राजकारणाच्या धकाधकीतही त्यांनी या प्रश्नात लक्ष घातले. खिळ्यांची छाननी करून सुमारे १९० खिळ्यांत मराठीचे काम भागेल अशी त्यांनी मांडणी केली. 'गीतारहस्य' लिहिणारा माणूस रफाराचा खिळा वेगळा ठेवावा की जोडून, याचा विचार करीत बसला होता, हे चित्र मला फार मोठे वाटते.

यानंतर मात्र एक वेगळाच विचार बळावला. यंत्रात लिपी बसत नसेल तर लिपीच का बदलू नये? स्वातंत्र्यवीर सावरकरांनी 'अ'ची बाराखडी पुरस्कारली. 'इ', 'ई', 'उ', 'ऊ' ही वेगळी अक्षरे कशाला, 'अ'लाच वेलांटी आणि उकार द्या, म्हणजे तेवढे खिळे वाचतील. 'किर्लोस्कर' मासिकासारख्या नियतकालिकांनी ती पद्धत वापरलीही. जुने अंक तुमच्या वाचनालयात असतील तर उघडून पहा, 'अितिहास' आणि 'अुत्तर' असे शब्द सापडतील.

सर्वांत मोठा प्रयोग झाला तो १९५३ साली. त्या वर्षी नोव्हेंबरात लखनौला देवनागरी लिपीच्या सुधारणेसाठी परिषद भरली. डॉ. राधाकृष्णन अध्यक्ष होते. परिषदेने सुचवले की ऱ्हस्व 'इ'ची वेलांटी अक्षराच्या डावीकडे येते ती उजवीकडे द्यावी. कारण साधे होते. 'कि' म्हणताना आपण आधी 'क' उच्चारतो आणि मग 'इ', पण लिहिताना वेलांटी आधी येते. माणसाला त्याचे काही वाटत नाही, यंत्राला वाटते. टंकलेखन यंत्राचेच पहा. त्यावर चाळीस-पंचेचाळीस कळा, प्रत्येकीवर दोन चिन्हे, म्हणजे एकूण नव्वदीच्या आसपास. टिळकांनी मोठ्या कष्टाने १९० वर आणलेला संसार आता नव्वदीत मांडायचा! अर्धे 'ख' आणि काना मिळून पूर्ण 'ख' करायचे. वेलांटी आधी ठोकायची, अक्षर मागाहून. गोदरेज कंपनीने १९५५ साली भारतात बनवलेले टंकलेखन यंत्र बाजारात आणले आणि पुढे कचेऱ्याकचेऱ्यांतून नागरी यंत्रांचा खडखडाट ऐकू येऊ लागला, पण अडचण तीच राहिली.

लखनौची सूचना तर्काला धरून होती, मोठ्या विद्वानांची होती, शासनाचा पाठिंबा तिला होता. तरी ती टिकली नाही. लोकांच्या हाताला आणि डोळ्याला ते वळण पटेना. चार वर्षांत, १९५७ साली, ऱ्हस्व वेलांटी पुन्हा डावीकडे, आपल्या जागी आली. सावरकरांची बाराखडीही पुढे मागे पडली. कोट्यवधी लोकांच्या हातात बसलेले वळण सहजासहजी सुटत नाही, हा त्यातला धडा.

आता कथा कलाटणी घेते. १९८० च्या दशकात कानपूरच्या आयआयटीत काही अभियंत्यांनी उलट्या बाजूने विचार केला. यंत्राला शहाणे करता येईल काय? संगणकाला अक्षराचे चित्र कळत नाही, त्याला फक्त आकडे कळतात. मग 'क' या वर्णाला एक आकडा द्या, वेलांटीला दुसरा द्या, आणि लिहिणाऱ्याला उच्चाराच्या क्रमाने लिहू द्या, आधी 'क' आणि मग वेलांटी. वेलांटी उचलून डावीकडे नेऊन ठेवण्याचे काम संगणकाचे. जोडाक्षराचेही तसेच. 'क', मग पाय मोडण्याचे चिन्ह, मग 'ष' असे तीन आकडे दिले की 'क्ष' हे रूप कसे काढायचे ते यंत्र पाहून घेईल. पाचशे खिळ्यांचा भार माणसाच्या डोक्यावरून उतरून यंत्राच्या डोक्यावर गेला. १९५३ साली लखनौला ज्याच्यावर खल झाला तो प्रश्न लिपीला धक्का न लावता सुटला.

कानपूरचे हे काम पुढे पुण्याला आले. १९८८ साली स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने, ज्याला आपण सी-डॅक म्हणतो, ते वाढवले. भारतीय लिप्यांच्या आकड्यांचे राष्ट्रीय मानक ठरले, ते १९९१ साली पक्के झाले. त्याआधी १९८६ साली एक समान कळफलकही आखला गेला होता, त्याचे नाव इनस्क्रिप्ट. शिक्षकांनी तो मुद्दाम पाहावा. स्वर आणि त्यांच्या खुणा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. 'क' आणि 'ख' एकाच कळीवर, 'त' आणि 'थ' एकाच कळीवर. आपली वर्णमाला ज्या शास्त्राने रचली आहे तेच शास्त्र कळांच्या मांडणीत उतरले आहे. आणि मराठीसाठी बोटे एकदा बसली की त्याच बोटांनी गुजराती, कन्नड, बंगालीही लिहिता येते, कारण सर्वांची मांडणी एकच.

याच १९९१ साली जगातल्या सर्व लिप्यांना एकाच यादीत आकडे देण्याची 'युनिकोड' नावाची व्यवस्था प्रसिद्ध झाली. तिच्यात देवनागरीला जागा मिळाली ती आपल्याच राष्ट्रीय मानकाच्या आधारे. एकूण १२८ जागा, २३०४ पासून २४३१ पर्यंत. त्यात 'क'चा आकडा २३२५, ऱ्हस्व वेलांटीचा २३६७, आणि आपला लाडका 'ळ' २३५५ वर बसला आहे. तुम्ही सांगलीत 'क' लिहा, न्यूयॉर्कला लिहा, आकडा तोच. म्हणून भाजीवाल्या गृहस्थांचा निरोप मुलाच्या फोनवर जसाच्या तसा उमटला.

पण हे काही एका दिवसात झाले नाही, आणि मधल्या काळात आपले बरेच नुकसान झाले. ते माझ्या अनुभवाने सांगतो. १९९९ साली आमच्या शाळेची स्मरणिका काढली होती. गावातल्या वृद्धांच्या आठवणी मी घरोघर फिरून लिहून घेतल्या होत्या. प्लेगात गाव माळावर कसे राहिले, विहीर कोणी खणली, बेचाळीसच्या चळवळीत कोण कोठे लपले. सगळा मजकूर संगणकावर जुळवून घेतला आणि चकतीवर जपून ठेवला. तेरा वर्षांनी तीच चकती नव्या संगणकात घातली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता रानमाळ! मराठीचे एक अक्षर दिसेना.

झाले होते असे की त्या काळी बहुतेक ठिकाणी मराठी अक्षरांना स्वतःचे आकडे वापरलेच जात नसत. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रे चिकटवलेली असत. आत इंग्रजी 'ए' किंवा 'बी', वर मराठीचा मुखवटा. प्रत्येक व्यावसायिकाचा मुखवटा निराळा. मुखवटा जवळ असेपर्यंत सगळे ठीक, तो हरवला की आतले सोंग उघडे पडायचे. आमचा मुखवटा जुन्या संगणकाबरोबर भंगारात गेला होता. सुदैवाने स्मरणिकेची छापील प्रत वाचनालयात होती. त्यावरून आठवीच्या मुलींनी सुट्टीत बसून सगळा मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा लिहिला. ज्यांच्या आठवणी मी टिपल्या होत्या त्यांतले एकही माणूस तोवर हयात नव्हते. कागद नसता तर त्या आठवणी गेल्याच होत्या. महाराष्ट्रात अशा किती चकत्या किती कपाटांत मुक्या होऊन पडल्या असतील, याचा विचार करून मला अजून हळहळ वाटते.

२००० सालापासून संगणकात युनिकोडचे मराठी सरसकट येऊ लागले. विंडोजवर 'मंगल' नावाची अक्षरे दिसतात, ती घडवली आपल्या र. कृ. जोशी यांनी. ते कवी, सुलेखनकार आणि शिक्षक होते; २००८ साली ते वारले. जावजी-राणोजींनी शिशात केले ते त्यांनी संगणकात केले.

तरी काही जागा बुजायच्या राहिल्या होत्या, आणि त्या खास मराठीच्या होत्या. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या घळी. या दोन शब्दांतला 'र' निराळा लिहावा लागतो. हिंदीला त्याची गरज नाही, मराठीला आहे. त्यासाठी २३५३ या आकड्याच्या 'ऱ'ची व्यवस्था आहे. दुसरी गोष्ट 'ॲ'ची. 'ॲप', 'ॲसिड' लिहिताना मराठी माणूस 'अ'वर चंद्र काढतो, पण यादीत होता तो 'ए'वरचा चंद्र. आपल्या 'ॲ'ला स्वतःचा आकडा, २४१८, मिळाला तो २००८ साली. पुढच्याच वर्षी, ६ नोव्हेंबर २००९ रोजी, महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमालेचा निर्णय काढून 'ॲ' आणि 'ऑ' यांना अधिकृत स्थान दिले. आणि २०१४ साली मोडीलाही युनिकोडमध्ये जागा मिळाली. कॅरीने ज्या लिपीत कोश छापला ती लिपी दोनशे चार वर्षांनी नव्या यंत्रात पोचली.

आता कोणी म्हणेल, "गुरुजी, ही आकड्यांची कथा ठीक आहे, पण आमचा तिच्याशी काय संबंध?" संबंध आहे. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी आपली मातृभाषा म्हणून नोंदवली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने तिला अभिजात भाषेचा दर्जा दिला. मान मिळाला, आनंदच आहे. पण यंत्राला मान कळत नाही, त्याला मजकूर कळतो. आजची जी नवी बोलकी, लिहिती यंत्रे निघाली आहेत ती भाषा शिकतात कशी? लोकांनी लिहून ठेवलेला मजकूर चाळून चाळून शिकतात. ज्या भाषेत पुष्कळ लिहिले गेले ती त्यांना चांगली येते, जिच्यात थोडे लिहिले गेले ती अर्धीकच्ची येते. आणि आपली तरुण मुले काय करतात? मराठी बोलतात, पण फोनवर ती इंग्रजी अक्षरांत लिहितात. टिळकांपासून जोशींपर्यंत सगळ्यांनी खपून अक्षर यंत्रात आणून ठेवले आणि आम्ही ते वापरायचा आळस करतो!

दुसरी गोष्ट बोलींची. २०१७ साली फोनवर मराठीत बोलून लिहिण्याची सोय आली. मी मोठ्या हौसेने ती वापरली. पुस्तकी मराठी तिला बरी समजते. पण माझी वृद्ध बहीण आपल्या ठेवणीत बोलू लागली की यंत्र भलतेच काही लिहिते, आणि मग ती म्हणते, "मेल्याला माझं बोलणं कळत नाही, म्हंजे मीच चुकीचं बोलत्ये का?" मी तिला सांगतो, "आक्का, तू चुकत नाहीस. तुझ्यासारखं बोलणाऱ्यांचं अजून त्यानं पुरतं ऐकलेलं नाही." वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, झाडीबोली यांची गोष्टही अशीच. त्या कोणी लिहिल्या नाहीत, नोंदवल्या नाहीत, तर नवी यंत्रे त्यांना ओळखणार कशी? आणि यंत्राला जे ओळखता येत नाही ते चुकीचे, असे पोराबाळांना वाटू लागले तर ते नुकसान आमच्या चकतीपेक्षा कितीतरी मोठे होईल.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना हात जोडून तीन गोष्टी सांगतो. एक, मुलांना इनस्क्रिप्टचा कळफलक शिकवा. रोज पंधरा-वीस मिनिटे हात चालवला तर मुले लवकर सरावतात, हे मी पाहिले आहे. दोन, गावचा मजकूर गोळा करा. विहिरींची नावे, शेतांची नावे, जात्यावरची गाणी, जुन्या माणसांच्या आठवणी, ज्याच्या त्याच्या बोलीत आणि युनिकोडमध्येच. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया सर्वांना खुला आहे. तुमच्या गावावर त्यात चार ओळी आहेत का पहा, नसतील तर लिहा. तीन, जे लिहाल त्याची एक कागदी प्रत काढून वाचनालयात ठेवा. मी यंत्रांचा वेडा आहे, नवे यंत्र आले की उघडून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. तरीही हे सांगतो, कारण एकदा कागदानेच मला वाचवले आहे.

वडील गेले तेव्हा छापखाना बंद होऊन बरीच वर्षे झाली होती. मालकांनी आठवण म्हणून मला एक खिळा दिला, 'ळ'चा. माझ्या टेबलावर तो अजून आहे. फोनवर २३५५ क्रमांकाचा 'ळ' उमटतो तेव्हा मी कधी कधी तो शिशाचा 'ळ' शेजारी ठेवून पाहतो. त्या बाजारातल्या गृहस्थांच्या निरोपात 'ळ' नव्हता, पण उद्या ते मुलाला केळी किंवा गूळ आणायला सांगतील, तेव्हा तो नक्की येईल. आपण लिहीत राहिलो पाहिजे, म्हणजे झाले.